थोरली कुणासमोर लंगडत नाही

कोंबडीलाही गुडघा असतो, पण तो आपण समजतो तिथे नसतो. आपण ज्याला गुडघा म्हणतो तो तिचा घोटा. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला.

०

औषधाच्या दुकानात "पेशंटचं वय?" असं विचारलं तर "पाच" म्हणून गप्प बसावं. "म्हणजे आता म्हातारीच झाली म्हणायची," असं पुढे बोलू नये. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी येतं.

०

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून खालचं फाटक दिसतं.

०

"मी ही कोंबडी खाणार नाही," असं मी लेखी दिलेलं आहे. खाली माझी सही. साक्षीदार म्हणून एका बुलडॉगच्या मालकांची.

०

वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलेला माणूस दुरून चादरीसारखाच दिसतो अशी माझी समजूत होती. चपलांचा मी विचार केला नव्हता.

०

तर फाटकापासून सुरू करू.

मी विमा कंपनीत आहे. अपघाताचे दावे माझ्याकडे येतात. माणसं लंगडत जिना चढतात, कण्हत खुर्चीत बसतात, कपाळाला हात लावून हकिगत सांगतात, आणि लंगडत परत जातात. मग मी खिडकीशी जातो. जी माणसं फाटकापर्यंत लंगडतात त्यांचा पाय खरा. जी माणसं फाटकाच्या आधीच सरळ होतात आणि बस पकडायला धावतात, त्यांचा अर्ज मी बाजूला ठेवतो. आमच्या ऑफिसात मला 'एक्स-रे' म्हणतात. प्रेमाने, असं मी धरून चाललो आहे.

अशा माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या, आणि येताना एका टोपलीत तीन कोंबड्या घेऊन आल्या. का आल्या, कशा आल्या, हे सांगत बसलो तर कोंबड्यांची पुढची पिढी निघेल. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धांदल, आणि तिसरीचं 'आणखी एक'. दोन घेतल्यावर विकणारा म्हणाला होता, "आणखी एक घ्या," तेच तिला चिकटलं. हाक मारताना जरा पंचाईत होते. "आणखी एक कुठे गेली?" असं विचारलं की पाहुणे मोजायला लागतात.

सासूबाईंनी दारातच अट घातली होती. "कोंबड्यांचं सगळं मी बघणार. खुराडंही मीच झाडणार. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी माझ्या घरी."

त्यांचं घर म्हणजे एक उभा जिना आणि त्याच्या टोकाला दोन खोल्या. शेजारपाजारची माणसं केव्हाच दुसरीकडे गेलेली. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढून हळू आवाजात सांगितलं, "आई परत त्या घरात एकटी गेली ना, तर सोबतीला तुला पाठवीन."

"मला?"

"कोंबड्या सांभाळायला शिक."

कॉलनीच्या कमिटीची परवानगीही लागली. सचिवांनी पत्र दिलं: कॉलनीत निरोगी पाळीव प्राणी ठेवण्यास हरकत नाही. 'निरोगी' या शब्दाखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती, आणि पत्र देताना त्या रेघेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं. सचिव आमच्याच भिंतीपलीकडे राहतात. त्यांच्या पत्नीला सगळी कॉलनी काकू म्हणते. काकूंना रोज एक अंडं पोचायला लागलं आणि लाल रेघ विसरली गेली.

रोज सकाळी सासूबाई पेंढ्यात हात घालायच्या, त्यातल्या त्यात मोठं अंडं उचलायच्या, आणि म्हणायच्या, "हे थोरलीचं. वजन बघा हातात घेऊन." मी वजन बघायचो. आमचा दिवस असा सुरू व्हायचा.

०

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "थोरली लंगडते आहे."

मी अंगणात गेलो. थोरली माझ्यासमोरून, मान ताठ ठेवून, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखी निघून गेली. लंगडण्याचा मागमूस नाही.

मी आत आलो. व्यवसायाने माणसाला एक आवाज मिळतो, तो मी लावला. "हिला काही झालेलं नाही. फाटकापर्यंत सरळ गेली."

"कुठलं फाटक?" बायको म्हणाली.

"म्हणजे तत्त्वतः. ढोंग आहे."

"कोंबडीचं ढोंग?" बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कशासाठी? पगारी रजा पाहिजे तिला?"

सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी जे बोलायचं ते थोरलीला उद्देशून, पण मला ऐकू येईल अशा बेताने बोलायला सुरुवात केली. "बाई गं, तू दवाखान्यात जाऊ नकोस हो. घरात तज्ज्ञ आहेत." "बाई गं, ऊठ, बस पकड."

तिसऱ्या टोमण्याला मी रिक्षा बोलावली. थोरलीला मांडीवर घेऊन सासूबाई माझ्याआधी आत बसल्या.

०

जनावरांच्या दवाखान्यात दोन खिडक्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'लहान प्राणी', दुसरीवर 'कुक्कुटपालन'. मी सरळमार्गी माणूस, दुसरीपुढे उभा राहिलो.

"किती पक्षी?" आतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"एक."

त्याने चष्मा काढून मला पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. "पाचशेच्या खाली आम्ही धरत नाही. बाकीच्या कुठे आहेत?"

"बाकीच्या दोघी घरी आहेत."

"लंगडतात?"

"नाही."

"मग औषध कशाला? आमचं औषध टाकीत घालायचं असतं. तुमची पाण्याची टाकी किती लिटरची?"

"वाटी आहे," मी म्हणालो. "स्टीलची."

त्याने पहिल्या खिडकीकडे बोट केलं. पहिल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या की कोंबडी लहान प्राण्यांत येत नाही. मी म्हटलं, मोठ्या प्राण्यांत येते का? त्यांनी मला थांबायला सांगितलं. एक ससा, दोन मांजरं आणि रडणारी एक मुलगी माझ्यापुढे गेली. मुलीला काही झालं नव्हतं, तिला फक्त जागा हवी होती. शेवटी बाईंनी विचारलं, "पाळायची आहे की खायची?"

कोंबडीचे कान कुठे असतात हे मला त्या क्षणी कळलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी झाकले, तिथे.

"पाळायची," मी म्हणालो.

"सगळे तसंच म्हणतात. आम्ही औषध देतो, लोक दोन दिवसांनी रस्सा करतात, मग पोट बिघडलं म्हणून आमच्याकडे येतात. आम्ही माणसं बघत नाही. लिहून द्या."

ते मी लिहून दिलं. साक्षीदार लागेल म्हणाल्या. बुलडॉगच्या मालकांनी मजकूर दोनदा वाचला, माझा चेहरा एकदा वाचला, आणि सही केली. माझ्या अजून एकाही दाव्यात इतका काटेकोर साक्षीदार मिळालेला नाही.

०

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. आधी वजन हवं होतं, कारण औषध वजनावर. टेबलावरच्या काट्याचे सेल गेले होते. उरला होता जमिनीवरचा, मोठ्या कुत्र्यांचा, आणि त्याला कोंबडी जाणवतच नव्हती.

"तुम्ही तिला घेऊन उभे राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग तिच्याशिवाय उभे राहा. वजाबाकी करू."

माझं वजन दोनदा, मोठ्याने, दार उघडं असताना वाचलं गेलं. बाहेरच्या बुलडॉगने माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहिलं. सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "बाई गं, आपल्या घरात जेवणाची आबाळ नाही, हे तरी सरकारी काट्यावर सिद्ध झालं."

मग थोरलीला टेबलावर ठेवलं. ती चालली. अशी चालली की मलाच वाटलं, आपला अर्ज बाजूला ठेवावा.

डॉक्टरबाईंनी तिला उचललं, आडवं केलं आणि पाय उलटा करून दाखवला. तळव्यावर काळी खपली होती आणि भोवती लालभडक सूज.

"उडी मारताना काहीतरी टोचलं असणार. आत पू झालाय. प्रत्येक पावलाला कळ जात असेल."

"पण ती नीट चालतेय," मी म्हणालो.

"कुणीतरी बघतंय ना. कोंबडी दुखणं लपवते. कळपात जिचं दुखतं तिला बाकीच्या टोचतात, दाण्यावरून हाकलतात. म्हणून जितकं जास्त दुखतं तितकी ती सरळ चालते."

हे वाक्य ऐकल्यावर माणसाने एवढ्या वर्षांच्या नोकरीचं काय करायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जखम साफ झाली. पायाला पट्टी बसली. दोन औषधं मिळाली: एक जखमेसाठी, एक दुखणं कमी करणारे थेंब. घरातली माणसांची गोळी फोडून अजिबात द्यायची नाही, मूत्रपिंडं जातात, अशी तंबी मिळाली. मग त्या म्हणाल्या, "अंडी देते?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या. हा 'रोज' प्रश्न संपायच्या आधीच आला होता.

"मग मी सांगेपर्यंत हिची अंडी कुणी खायची नाहीत. औषध अंड्यात उतरतं. हिचं कुठलं ते ओळखता येतं ना?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं. "तशी खात्री कोण देणार?" त्या म्हणाल्या.

"मग सगळीच टाका. आणि हिच्यावर नजर ठेवा, पण तिला कळू न देता. एकटी असताना नीट चालायला लागली की मला सांगा, थेंब कमी करू."

"नजर कोण ठेवणार?" मी विचारलं.

"बाई गं," सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "तुला एक्स-रे आहे घरात."

०

औषध पाजणे. प्रयत्न पहिला. कोंबडी काखेत, चोच बाजूने उघडायची, थेंब आत. थेंब माझ्या कानात.

प्रयत्न पुढचा. पावाच्या तुकड्यात. पाव खाल्ला गेला, थेंब लागलेला भाग जमिनीवर व्यवस्थित काढून ठेवण्यात आला.

सासूबाईंचा प्रयत्न. मायेने. थोरलीने थेंब मायेने परत केले.

बायकोचा प्रयत्न. टॉवेलमध्ये गुंडाळून. यात टॉवेलला बरं वाटलं.

त्यानंतर मी वैतागून नळीत साधं पाणी भरलं आणि थेंब मारण्याचा सराव करायला आणखी एकला धरलं. ती गरीब स्वभावाची आहे. तिला एक थेंब दिला मात्र, थोरली अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून आली, मधे घुसली, आणखी एकला ढकललं आणि नळीखाली चोच उघडून उभी राहिली. दुसरीला मिळतंय आणि आपल्याला नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

त्या दिवसापासून पद्धत ठरली. आधी समारंभाने आणखी एकला पाणी पाजायचं. तिचं कौतुक करायचं. "वा, किती भारी औषध मिळालं!" थोरली यायची, हिसकावून घ्यायची, प्यायची, आणि विजयी मुद्रेने निघून जायची.

०

आता अंडी.

अंडी द्यायची नाहीत हे ठीक. पण का देत नाही, हे काकूंना सांगायचं नव्हतं. कोंबडी आजारी म्हटलं की लाल रेघ आली. कमिटी बसली की कोंबड्या गेल्या, आणि कोंबड्या गेल्या की सासूबाई गेल्या, आणि सोबतीला मी.

"काकू, सध्या अंडी नाहीत," मी भिंतीवरून सांगितलं.

"का हो?"

"कोंबड्यांनी विश्रांती घेतली आहे."

"तिघींनी एकदम? संप आहे?"

कचऱ्यात टाकली तर कचरेवाला बघेल म्हणून मी अंडी अंगणाच्या कोपऱ्यात पुरायचो. सकाळी लवकर, हातात खुरपं, इकडेतिकडे बघत. काकूंच्या माडीवरच्या खिडकीचं मला भान राहिलं नाही. चांगली, ताजी, अखंड अंडी माणूस जमिनीत गाडतो आहे हे त्यांनी पाहिलं, आणि एकदा नाही पाहिलं.

"मातीत घालतील पण आम्हाला देणार नाहीत," हे वाक्य संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. कुणी म्हणालं, खत करतात. कुणी म्हणालं, करणी करतात. कोपऱ्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, रोवली म्हणजे उगवतील असं त्याला वाटत असावं, विम्यातला माणूस आहे. माझ्याशी लोक जपून बोलू लागले. वाण्याने मला दुकानात बघून अंड्यांचा ट्रे आत सरकवला.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. रोज सकाळी मी खड्डा खणताना त्या पायरीवर उभ्या राहून, चेहरा दगडासारखा ठेवून, मूठभर दाणे टाकत होत्या. मला वाटायचं, अन्न मातीत जाताना त्यांना बघवत नसेल.

०

राहिली ती नजर.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर थोरली आधीच तिथे, एका डोळ्याने खिडकीकडे बघत. पिंपामागे बसलो, तर धांदल येऊन माझ्या बुटाची नाडी सोडायला लागली आणि सगळ्यांना कळलं. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, ही गोष्ट वाचायला सोपी आहे. तिच्या मागून जाऊन बघा.

शेवटी मला चादर सुचली. सासूबाईंनी दोरीवर दुहेरी चादर वाळत घातली होती. मी मधे शिरलो, दोन पदरांच्या फटीतून डोळा लावला आणि उभा राहिलो. दोरी सचिवांच्या भिंतीला लागून आहे, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे माहीत नव्हतं.

थोरली बराच वेळ उभी होती. मग अंगणात कुणी नाही अशी खात्री झाली असावी. तिने पाय उचलला. टेकवला. लगेच उचलला. एक पाऊल टाकलं आणि थांबली. मला तोंडात काहीतरी कडू लागलं. चादरीचा साबण असेल.

मग दार वाजलं आणि सासूबाई बाहेर आल्या.

त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. चादरीकडे पाहिलं, पण चादरीकडे पाहावं तसंच. मग भिंतीला हात लावून, एक खांदा भिंतीला घासत, खेकड्यासारख्या आडव्या होऊन त्या एकेक पायरी उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी डोळे मिटून घेतले. उलट्या बादलीपर्यंत चार पावलं आहेत. ती त्यांना जमेनात. जमली तेव्हा त्या बादलीवर अशा बसल्या की बादलीच कण्हली. लुगडं जरा वर करून त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. तो सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

थोरली लंगडत त्यांच्याकडे गेली. लंगडत, सरळ, काही न लपवता. सासूबाईंसमोर ती लंगडायची, म्हणून त्यांनाच पहिल्यांदा कळलं होतं.

"ये," सासूबाई म्हणाल्या. "इथे कुणी नाही. लंगड हवं तेवढं." त्यांनी तिला मांडीवर घेतलं, दुखऱ्या गुडघ्याच्या नाही, दुसऱ्या. "तुला तरी थेंब मिळतात. मी सांगितलं तर काय होईल ठाऊक आहे? हे उचलू नकोस, ते झाडू नकोस. मग म्हणतील, या वयात कोंबड्या कशाला, देऊन टाक कुणाला तरी. सगळे मायेनेच टोचतील गं, पण टोचतील."

आतून बायकोची हाक आली, "आई, चहा!"

थोरली टुणकन खाली. सासूबाई ताडकन उभ्या. लुगडं खाली. "आले, आले!" आणि दोघी पायरीकडे निघाल्या, शेजारीशेजारी, परेडला निघाल्यासारख्या, एकीच्याही पायात काही नाही.

फाटकापर्यंत सरळ.

मी चादरीत उभा होतो. माझं नाक वाहत होतं. चादर ओली होती, त्यामुळे असेल.

०

नेमक्या तेव्हाच भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "बघा! बघा म्हटलं होतं ना! चादरीखाली चपला!"

वळसा घालून सगळे आमच्या अंगणात आले आणि चादर ओढली गेली. समोर सचिव, त्यांच्यामागे काकू, त्यांच्यामागे निवृत्त प्राध्यापक, निरीक्षक म्हणून.

"काय चाललंय हे?" सचिव म्हणाले. "आमच्या भिंतीला लागून चादरीत लपून तुम्ही काय बघता?"

"कोंबडी," मी म्हणालो.

"कोंबडी बघायला चादर लागते?"

"तिला संकोच वाटतो."

प्राध्यापकांनी काकूंकडे अर्थपूर्ण पाहिलं. काकू म्हणाल्या, "आधी अंडी पुरली, आता हे. मी म्हणते, डॉक्टरला दाखवा."

"कोंबडीला?" सचिवांचा आवाज एकदम बदलला. "कोंबडी आजारी आहे का? खरं सांगा. पत्रात स्पष्ट लिहिलंय."

मला एका वाक्यात सुटता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण पायरीवर सासूबाई उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या, आणि मी किती वेळ चादरीत होतो हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं. त्यांचा चेहरा एवढा लहान मी कधी पाहिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "मला बघायची सवय आहे. ऑफिसातही बघतो. माझीच काहीतरी गडबड आहे."

"तशी तक्रार नोंदवू का?" सचिव म्हणाले.

"नोंदवा."

"काही नोंदवायचं नाही!" सासूबाई कडाडल्या. "जावईबापूंना मी उभं केलं होतं. मांजर येतं, कोंबड्यांवर टपतं. पहारा देत होते. माणूस पहारा देतो तेव्हा ढोल वाजवतो का?"

"आणि अंडी?" काकू म्हणाल्या.

"नासकी निघाली. नासकी देऊ तुम्हाला?"

काकूंनी पदर नाकाला लावला. सचिव मात्र नियमाचे. त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "हिच्या पायाला पट्टी कसली?"

सगळे थोरलीकडे वळले. थोरलीने सगळ्यांकडे, एका वेळी एका डोळ्याने, पाहिलं. आणि ती चालली. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान ताठ, पावलं मोजल्यासारखी. टोकाला वळली आणि परत आली. मधेच उगाच एक छोटी धाव घेतली. तिच्या शेजारून, हात मागे बांधून, तितक्याच ताठ, सासूबाई चालल्या.

"ओळख पटावी म्हणून बांधली आहे," सासूबाई म्हणाल्या. "मोठी आहे ना घरातली."

सचिव म्हणाले, "ठणठणीत आहे." प्राध्यापक म्हणाले, "दोघीही." आणि सभा संपली.

ते गेल्यावर सासूबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी ओढलेली चादर पुन्हा दोरीवर घातली. 

०

बायकोला सांगायचं तर ती मायेने टोचणार. सासूबाईंना सांगायचं तर त्या बादली उचलून पळून दाखवणार. मला एकच पद्धत माहीत होती, आणि ती मी आणखी एकवर शिकलो होतो.

मी काकूंना चहाला बोलावलं, अंगणात. बादलीच्या शेजारी खुर्ची मांडली. आणि सासूबाई दाणे टाकत असताना मोठ्याने म्हणालो, "काकू, तुमच्या गुडघ्याचं मी फार दिवस बघतोय. किती सोसता हो! हा पट्टा आणलाय तुमच्यासाठी. हाडांच्या डॉक्टरांची उद्याची वेळही घेतली आहे. रिक्षाने नेईन, रिक्षाने आणीन."

काकूंना गुडघ्याचं काही नव्हतं. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी जागच्या जागी पाय धरला. "कळलं का तुम्हाला? आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही हो. जिना म्हणजे तर..."

दाणे पडायचे थांबले.

"कुणाचा गुडघा?" सासूबाई म्हणाल्या.

"काकूंचा," मी म्हणालो. "फार दुखतो. अशी सोसणारी बाई कॉलनीत दुसरी नाही."

"हिचा?" सासूबाई पुढे आल्या. "काल ही स्टुलावर चढून पडदे लावत होती! मी बघितलंय!"

"लावले, पण कसे लावले ते मला माहीत," काकू कण्हल्या.

"तुझं दुखणं दुखणं, होय? हे बघ!" आणि सासूबाईंनी लुगडं वर करून गुडघा बादलीवर टेकवला, एखाद्याने बक्षीस ठेवावं तसा. "हे बघ! हे घेऊन मी पायऱ्या उतरते! रात्री कूस बदलताना उशी चावते! आण तो पट्टा इकडे!"

पट्टा हिसकावला गेला. आणि मग दिसलं, दारात बायको धुण्याचा टब घेऊन उभी होती.

"आई," ती म्हणाली. "कधीपासून?"

सासूबाईंनी पट्टा मागे लपवला. "कधीमधी."

"मग खुराडं? रोज वाकून..."

"तेच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली गेला. "जमत नाही आता. मी बोलले होते, ज्या दिवशी जमणार नाही..."

"खुराडं मी झाडतो," मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. धांदलनेही.

"तुम्हाला येतं?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही. तुम्ही बादलीवर बसून सांगा."

त्यांनी पाठीमागचा पट्टा पुढे घेतला. मग म्हणाल्या, "बादलीवर उशी ठेवा. आणि पेंढा आधी बाहेर काढायचा, मग झाडायचं. लोक उलट करतात."

काकू म्हणाल्या, "आणि माझी उद्याची वेळ?"

०

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवला. खुराडं मी झाडतो. सूचना बादलीवरून येतात, पूर्वी थोरलीमार्फत यायच्या त्यापेक्षा जास्त आणि थेट. सकाळी औषधाचा कार्यक्रम एकत्र होतो: आधी आणखी एकला साधं पाणी, मग थोरलीला थेंब, मग सासूबाईंना गोळी. थोरलीने घेतल्याशिवाय सासूबाई घेत नाहीत, आणि सासूबाईंच्या हातात काहीतरी दिसल्याशिवाय थोरली येत नाही.

ऑफिसात परवा एक गृहस्थ जिना सरळ चढून आले, सरळ बसले, सरळ बोलले. मी उठून त्यांना खुर्चीवर उशी दिली. त्यांनी माझी वरपर्यंत तक्रार केली आहे. ते नव्या पंख्यांची जोडणी करायला आले होते.

मधे एकदा डॉक्टरबाईंचा फोन आला. थोरली एकटी असताना कशी चालते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आता ती आमच्यासमोर लंगडते. त्या म्हणाल्या, मग बरी होतेय. पुढे थेंब बंद झाले, खपली पडली, आणि काही काळाने अंडी खायलाही परवानगी मिळाली. काकूंना एक पोचलं. मोठं अंडं सासूबाईंनी हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला ते कुणाचं हे न सांगता टोपलीत ठेवलं.

०

थोरलीने शेवटचं अंडं घातलं ते सासूबाईंच्या जुन्या घरी, आमच्याकडे यायच्या आदल्या वर्षी.